घोड्यावरून उतरायचं घर

आमच्याकडे भाटजी यायचे ते दुपारच्या एसटीने. तीन-चार वर्षांतून एकदा, कपाशी वेचून झाली आणि घरात माणसं जरा निवांत असतील अशा बेताने. काखेत लाल फडक्यात बांधलेली वही. वही म्हणायचं फक्त, ती होती उशीएवढी जाड, लांबट, पानं पिवळी पडलेली आणि एका कडेला जाड दोऱ्याने शिवलेली. ते राजस्थानातून निघायचे आणि आमच्या कुळाची माणसं खानदेशात ज्या ज्या गावांत पसरली होती तिथे जाऊन कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, ते सगळं त्या वहीत लिहून घ्यायचे. त्यांचे वडील हेच करायचे, आजोबाही हेच.

वही अंगणात आली की आधी तिला पाट मिळायचा, मग भाटजींना खाट. आई वहीला हळद-कुंकू लावायची, गुळाचा खडा ठेवायची. त्या दिवशी वरण-बट्टी ठरलेली, वांग्याची भाजी, आणि बट्टीवर तूप वाढताना आईचा हात आखडायचा नाही. जेवणं झाली की सगळी भाऊबंदकी बापूंच्या ओसरीवर जमायची. बापू म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घरातला शेवटचा शब्द. भाटजी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसायचे, खाकरायचे आणि सुरू करायचे. वाचायचे म्हणजे गायचेच. अगदी मूळ पुरुषापासून. त्यांची बोली मारवाडी वळणाची, आमच्या घरात आम्ही बोलायचो तिच्या लांबच्या नात्यातली. बापूंना ती सगळी कळायची, आबांना म्हणजे माझ्या वडिलांना बरीचशी, मला अर्धी.

एकेक पिढी उतरत वही आमच्या घरापाशी यायची आणि आबांचं नाव यायचं. आबा तेवढ्यापुरते ताठ बसायचे. सहकारी सोसायटीच्या कागदावर सही करताना ज्यांच्या कपाळावर घाम यायचा, त्यांचं नाव कुणीतरी एवढ्या पिढ्यांच्या ओळीत वाचून दाखवत होतं. मुलींची नावं वहीत नसायची. ते मला तेव्हा खुपायचं असं आज लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. वही मुलांची असते, एवढंच डोक्यात होतं.

कुळाचं नाव मी इथे देणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

आमच्या कुळाची एक रीत मात्र सांगायला हवी. गावाच्या वेशीजवळ कुंभाराचं एक घर होतं. अजून आहे. आमच्यातल्या कुणाचंही लग्न असलं की नवरदेवाची मिरवणूक त्या घरापाशी थांबायची. बँड गप्प व्हायचा. नवरदेव घोड्यावरून खाली उतरायचा, चपला काढायचा, चालत त्या अंगणात जायचा, चाकाला हात लावून नमस्कार करायचा आणि त्या घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला लुगडं द्यायचा. आम्ही सगळे तिला मोठी माय म्हणायचो. ती त्याला ओवाळायची, त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायची. मग पुन्हा घोडा, पुन्हा बँड. का, ते कुणी विचारायचं नाही. उन्हाळ्यात पाणी प्यायला माठ लागतो तसंच लग्नाला हे लागतं, असं आम्हा पोरांना वाटायचं.

मी बी. कॉम. झाले त्या वर्षी भाटजी हिवाळ्यात आले. त्या पदवीबद्दल मी आजही लाजून बोलत नाही. आमच्या अख्ख्या कुळात, बाप्ये-बाया धरून, कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझे भाऊ दहावीच्या अलीकडे-पलीकडे थांबले होते. मी रोज दोन एसट्या बदलून तालुक्याला जायचे आणि परत यायचे, आणि निकाल लागला तेव्हा बापूंनी पेढे वाटले ते गावात नाही, आधी एसटीत. कंडक्टरला म्हणाले, हिचा पास तुम्ही तीन वर्षं बघितला, आता पेढा खा.

त्यातच माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं. मुलगी इंदूरकडची, व्याही जरा मोठे. बापूंच्या मनात आलं की हळदीच्या संध्याकाळी व्याह्यांसमोर आपल्या कुळाची कथा वाचून दाखवायची. भाटजी गातात ते त्या लोकांना कळणार नाही, तेव्हा शुद्ध मराठीत लिहून. लिहिणार कोण? घरात पदवीधर एकच.

म्हणून त्या दुपारी मी भाटजींच्या समोर वही-पेन घेऊन बसले. सगळी भाऊबंदकी माझ्याकडे बघत होती. भाटजी दर दोन ओळींनी थांबून विचारायचे, समजलं ना बेटी? मी मान डोलवायचे. मधला एक भाग, चांगल्या आठ-दहा ओळींचा, मला अजिबात कळला नाही. विचारायला काय हरकत होती? बापू शेजारीच होते. पण आबा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेसमोर मला कळलं नाही असं म्हणणं मला जमलं नाही. मी नुसतीच पेन फिरवत राहिले.

जे कळलं ते असं होतं. आमचा मूळ पुरुष एका लढाईत हरलेल्या बाजूचा. घोडं मेलेलं, अंगावर जखमा, मागे शिपाई लागलेले. तो आमच्याच या गावाच्या कडेला कुंभाराच्या घरात शिरला. घरात एकटी कुंभारीण जेवायला बसलेली. शिपाई दारात आले आणि त्यांनी विचारलं, हा कोण? ती म्हणाली, माझा मुलगा. त्यांना पटेना. तेव्हा तिने ताटातली भाकरी उचलली, अर्धी स्वतः खाल्ली आणि उरलेली, तोंड लागलेली, त्याच्यापुढे धरली. राजपूत कुंभारणीचं उष्टं खाणार नाही, हे शिपायांना पक्कं माहीत. त्याने खाल्लं. शिपाई निघून गेले. पुढे तो तिथेच राहिला, आणि गावात त्याला तिच्या नावाने ओळखायला लागले, अमकीचा मुलगा म्हणून. त्याची मुलं झाली ती अमकीची नातवंडं. तेच आमच्या कुळाचं नाव झालं. ते नाव त्या बाईचं.

आता मी काय केलं ते सरळ सांगते. रात्रभर झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी पक्कं लिहायला बसले आणि एका बैठकीत ते सगळं बदलून टाकलं. एक तर तो हरलेला. दुसरं, पळालेला. तिसरं, उष्टं खाल्लेलं. आणि वर नाव बाईचं, तेही कुंभारणीचं. कॉलेजात मुली मला विचारायच्या, खानदेशात कसले गं राजपूत? त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात उत्तर देत होते. मी त्या नावाचा एक वीर तयार केला. त्याला एका खिंडीत उभा केला, एकटा, हातात तलवार, समोर फौज. मला न कळलेल्या त्या आठ-दहा ओळींच्या जागी मी लिहिलं, 'शत्रूसैन्याची दाणादाण उडाली.' आणि शेवटी, 'त्या नरवीराच्या नावावरून आमचे कुळ ओळखले जाते.' बाई राहिलीच नाही. तिला ठेवायला कुठे जागाच नव्हती.

हळदीच्या संध्याकाळी मी ते माइकवरून वाचलं. मंडपात भोंगे लावले होते. मी साडी नेसले होते, आवाज खणखणीत होता, आणि संपल्यावर व्याही उठून उभे राहिले. आबांनी डोळे पुसले. बापूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला वाटलं भारावून गेले असतील.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक कुंभाराच्या घरापाशी आली. मोठी माय हातात ताट घेऊन दारात उभी होती. तेव्हा ती पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बँडवाले सवयीने थांबले. घोडाही थांबला, कारण तो गावातलाच घोडा. माझा भाऊ उतरेना. त्याच्या मित्रांपैकी एकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, अरे काल ऐकलं ना आपण कोण ते, मग हे कुंभाराच्या दारात उतरायचं काय लावलंय? हशा पिकला. भावाने टाच मारली. बँड वाजायला लागला. बापू सगळ्यात पुढे चालत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा पुढे चालायला लागले.

मी बायकांच्या घोळक्यात होते. मी ताटातला दिवा पाहिला, तो वाऱ्याने विझला होता आणि तिने हाताने आडोसा केलेला तसाच होता. मग आम्हीही पुढे गेलो.

त्यानंतर आमच्यात कुणी तिथे उतरलं नाही.

माझं लग्न झालं, नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली, मीही इथे एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागले आणि राहता राहता आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो. तोआ पायोहमध्ये फ्लॅट आहे, आठव्या मजल्यावर, खाली हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांचं. मला इथलं आवडतं, उगीच नाकं मुरडायची मला सवय नाही. पण आमच्या मराठी मंडळींच्यात एक गोष्ट मला सुरुवातीपासून टोचायची. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, आणि प्रत्येकाच्या घरी शिकलेल्या माणसांच्या तीन-चार पिढ्या. मरीन परेडला एका मैत्रिणीच्या घरी जेवायला गेलो होतो, तर तिच्या नवऱ्याने कपाटातून त्यांचा कुलवृत्तांत काढला. छापील, बांधीव, सोनेरी अक्षरं. त्यांचे पणजोबा कुठे मामलेदार होते ते पान उघडून दाखवलं. मला म्हणाला, तुमच्यात असं काही असतं का हो? मी म्हटलं, असतं. आणि त्या खिंडीतल्या वीराची गोष्ट त्यांना सांगितली, पुरणपोळी खाता खाता, हातवारे करून. ते ऐकतच राहिले. परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, तू सांगतेस मात्र झकास. मला फार बरं वाटलं होतं. नंतर ती गोष्ट मी किती घरांत सांगितली याला गणती नाही. तीस वर्षं होत आली, आणि सांगून सांगून मला तो वीर दिसायलाही लागला होता.

या वर्षी गावात आमच्या कुलदेवीच्या देवळाचा सभामंडप नवा बांधून झाला. चुलतभावाने पुढाकार घेतला होता. त्याने मला मेसेज पाठवला, सोबत माझ्याच त्या जुन्या कागदाचा फोटो. कागदाला घड्यांवर भोकं पडली होती, अक्षर माझं. खाली त्याने लिहिलं होतं की सभामंडपाच्या दर्शनी भिंतीवर कुळाची कथा संगमरवरावर कोरून लावायची आहे, ताई, एकदा शुद्धलेखन तपासून दे, मंगळवारी कारागीर कामाला लागणार.

शुद्धलेखन बरोबर होतं. तेवढं मला नेहमीच जमायचं.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कागद ही एक गोष्ट झाली, तो फाटतो, हरवतो. पण संगमरवर लागला की संपलं. आमच्या नातवंडांची नातवंडं तेच वाचणार. भाटजी केव्हाच गेले, त्यांचा मुलगा सुरतला कारखान्यात लागला आणि वही त्याच्या घरी कुठल्या ट्रंकेत आहे ते देवाला ठाऊक. आबाही गेले. भाटजींची बोली ज्यांना पुरती कळायची त्यांतले बापू तेवढे उरले, आणि त्यांना मी सांगितलं तर पोरगी शिकली याचा जो अभिमान त्यांनी आयुष्यभर गावभर मिरवला, त्याचं काय होणार? माझंच काय होणार? गावात माझी ओळख एवढीच आहे. शिकलेली.

शनिवारी मी आणि माझी मुलगी पुलाउ उबीन बेटावर गेलो, सायकली चालवायला. ती पॉलिटेक्निकला आहे, वर्षातून दोनदा आईबरोबर कुठेतरी जायला तयार होते. तिकडे नेणारी बंबोट, म्हणजे छोटी मोटरबोट, बारा माणसं भरल्याशिवाय निघत नाही आणि आम्ही नऊच होतो, म्हणून धक्क्यावर बाकावर बसून राहिलो. तिथे मी तिला सगळं सांगितलं. कशासाठी, मला माहीत नाही. ती वीराची गोष्ट लहानपणापासून ऐकत आली होती, शाळेत एकदा इंग्रजीतून सांगूनही आली होती.

ती चिडली नाही. दोन्ही गोष्टी पुन्हा एकदा सांगायला लावल्या आणि म्हणाली, "सो द सोल्जर वन इज फेक, अँड द लेडी इज रिअल?"

मी म्हटलं, लेडी खरी होती का ते आता कुणाला माहीत, पण वहीत होती ती.

"आई, ही दुसरी स्टोरी बेटर आहे ला," ती म्हणाली, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून. "त्यात कुणीतरी काहीतरी करतं. पहिल्यात तो नुसता उभा आहे."

मग बोट आली. बेटावर ती दिवसभर माझ्या पुढे सायकल मारत होती. एका जुन्या कांपोंग, म्हणजे खेड्यातल्या घराच्या वळचणीला पाण्याचे मोठाले रांजण ओळीने ठेवले होते, तिथे सायकल टेकवून पाणी पिताना तिने एकदम विचारलं, "तिने ताटात काय ठेवलं होतं गं? तुझ्या भावासाठी?" मी म्हटलं, दिवा, कुंकू, भाकरीचा तुकडा. ती 'ओह' म्हणाली आणि सायकलवर बसली.

रविवारी सकाळी मी बापूंना फोन केला. इथे साडेनऊ वाजले होते, म्हणजे तिकडे सात, त्यांचा चहा झालेला असतो. बापू आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कान चांगले आहेत, गुडघे गेलेत. आधी पाऊसपाणी, माझ्या मुलीचं शिक्षण, सिंगापुरात ज्वारी मिळते का, हा नेहमीचा प्रश्न. मग मी म्हटलं, बापू, देवळात लावायचा तो मजकूर बरोबर नाही. भाटजींनी तसं सांगितलं नव्हतं. मी बदललं होतं.



"माहीत आहे मला," बापू म्हणाले. "मी तिथंच बसेल होतो ना."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला, जणू चूक त्यांचीच होती.

"तू शिकेल. मी चौथी नापास," ते म्हणाले. आमच्याकडे शिकेल म्हणजे शिकलेली. "मला वाटलं, पुस्तकात तसं असेल. मला वाटलं, भाट चुकला असेल. माझ्या आईनं सांगेल होतं तेबी तसंच, कुंभारणीचं, पण ती तर अंगठेबहाद्दर. मी म्हटलं, तीबी चुकली असेल."

ते पुढे सांगत राहिले, अगदी शांतपणे, पीकपाणी सांगावं तसं. माझ्या कागदानंतर त्यांनी ती जुनी गोष्ट कुणाला सांगितली नाही. मुलांना नाही, नातवंडांना नाही. उगीच पोरीचं लिहिलेलं खोटं पडायला नको म्हणून. भाऊ घोड्यावरून उतरला नाही तेव्हा त्यांचे पाय थांबले होते, पण मनात आलं, आता शिकलेल्या माणसाने कारणच काढून टाकलंय, तर मी कोणत्या तोंडाने त्याला खाली उतर म्हणू?

पदवीचा कागद माझ्याकडे इथे फ्रेममध्ये आहे. मला त्याच्याकडे बघवेना.

मग मी तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. म्हटलं, बापू, मधला एक भाग मला कळलाच नव्हता. तुम्हाला आठवतो का? बापू हसले. म्हणाले, तेव्हाच दिसत होतं, तुझं पेन चालत होतं पण कागदावर काही उमटत नव्हतं. आणि त्यांनी तो भाग म्हणून दाखवला. भाटजींसारखा नाही, घसा बसलेला, मधे मधे श्वास घेत. मी प्रत्येक ओळीला थांबवून अर्थ विचारला. त्यांनी न कंटाळता सांगितला.

त्या ओळींत असं होतं. त्या माणसाची मुलं मोठी झाली, त्यांच्याकडे जमीन आली, घोडी आली. ती मुलं त्या म्हाताऱ्या कुंभारणीला विचारायला आली की तुला काय देऊ? ती म्हणाली, मला काही नको, फक्त माझ्या दारात घोड्यावर बसून येऊ नका. आईच्या घरी कुणी घोड्यावर बसून येतं का?

बापूंनी मला विचारलं, आता काय करते? मी म्हटलं, नवीन लिहिते. ते म्हणाले, लिही, आणि ग्रुपवर तूच टाक, माझ्या नावानं टाकू नको.

मी दुपारपर्यंत लिहिलं. आधी पानभर झालं. मग शब्द काढत गेले. शेवटी दोन वाक्यं उरली. एकात तिने त्याला मुलगा म्हणून वाचवलं हे, दुसऱ्यात तिच्या नावावरून आमचं नाव पडलं हे. खाली मी आणखी लिहिलं की आधीचा मजकूर माझा होता आणि तो मी मनाने रचला होता. भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकलं आणि फोन उलटा ठेवून भाजी चिरायला बसले.

जे व्हायचं ते झालं. एकाने लिहिलं, लोक काय म्हणतील, आमचा पूर्वज उष्टं खाऊन वाचला असं देवळाच्या भिंतीवर लावायचं का? दुसऱ्याने तलवारीचं चित्र टाकलं. एका भाच्याने, ज्याच्या बारशाला मी त्याला सोन्याचे बिंदले घातले होते, त्याने विचारलं की आत्या, मग इतकं शिकून केलं काय? माझ्या सख्ख्या भावाने, जो उतरला नव्हता, त्याने काहीच लिहिलं नाही. चुलतभावाचा मला वेगळा मेसेज आला की ताई, मजकूर फार लहान झालाय, दगड तर मोठा घेऊन ठेवलाय, उरलेल्या जागेचं काय करू? मी त्याचं उत्तर दिलं नाही.

सोमवारी मी ऑफिसला निघणार तेवढ्यात बापूंचा फोन आला. ते म्हणाले, भिंतीचं मी बघतो, वहीत होतं तेच लागेल, पण ज्या घरचं नाव कोरायचं त्या घराला विचारायचं का नाही? मोठी माय अजून आहे. मी चाललोय तिकडं. तूबी चल.

मी म्हटलं, बापू, मी इथून कशी येऊ?

"खिशात," ते म्हणाले. त्यांनी फोन तसाच चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात टाकला.

मी ऑफिसला उशीर होणार असं कळवलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. नुसतं ऐकत. काठीचा आवाज, कापडाची घसट, बापूंचा श्वास. कुणीतरी मोटारसायकल थांबवून विचारलं, बापू, सोडू का? बापू म्हणाले, नाही रे, आज पायीच जायचंय. दुकानाच्या पायरीवर दोनदा बसले. त्यांच्या घरापासून वेशीपर्यंत माझ्या कॉलेजच्या दिवसांत मला पाच मिनिटं लागायची. त्यांना अर्धा तास लागला. मग चपला काढल्याचा आवाज आला, आणि त्यामागे एक थप थप थप, ओल्या मडक्यावर थापटी पडते तसा.

बापूंनी तिला राम राम घातला. थाप थांबली नाही. ती म्हणाली, बापू, इतक्या वर्षांनी रस्ता चुकले का? त्यांनी सांगितलं कशाला आलोय ते, आणि फोन खिशातून काढून तिच्यापुढे धरला.

"कोण आहे यात?"

"आमची पोरगी. सिंगापूरवाली. शिकेल."

"जिनं लग्नात वाचलं होतं ती?" तिने विचारलं. "भोंग्यावर ऐकलं होतं मी. आमच्या अंगणापर्यंत येत होतं सगळं."

म्हणजे तिने ते आदल्या दिवशीच ऐकलं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ताट घेऊन दारात उभी राहिली होती. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती ऐकून घ्यायच्या बेतात दिसली नाही. म्हणाली, आता काय लिहिलंय ते वाच.

मी वाचलं. दोनच वाक्यं. माइकवर जसा लागला होता तसा आवाज लागला नाही.

थाप थांबली.

"इतकंच?" ती म्हणाली. "आमच्याकडं ही गोष्ट भलती मोठी आहे. तिचा स्वतःचा पोरगा होता, त्याचं काय झालं ते यात कुठं आहे? माझ्या सासूनं मला सगळी सांगेल आहे."

बापूंना हे माहीत नव्हतं. त्यांनी 'कोणता पोरगा?' म्हणून विचारलं, त्यावरून मला कळलं. आमच्या वहीत जेवढं होतं तेवढीच गोष्ट, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या घराकडेही काही असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, वहीवाल्या भाटजींच्याही नाही.

मी म्हटलं, मोठी माय, सांगा. मी लिहून घेते. जिथे कळणार नाही तिथे विचारेन.

"आता नाही," ती म्हणाली. "मडकं ओलं आहे. हे ठोकून होऊ दे, मग सांगते. थांबशील?"

मी थांबते म्हटलं. थाप पुन्हा सुरू झाली. बापू कुठेतरी टेकले असावेत, खाट करकरली. मी चुलतभावाला मेसेज टाकला की मंगळवारचं काम पुढे ढकल, दगड लहान पडू शकतो, आणि कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.